गर्भपिशवी काढल्यानंतर: टाके भरले म्हणजे संपलं नाही

ताई, आधी डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. अंडाशय ठेवलेत की काढलेत, गर्भाशयाचं तोंड ठेवलंय का, हे त्यात स्पष्ट नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं. तोंड ठेवलं असेल तर पॅप तपासणी (त्या तोंडाच्या कॅन्सरची चाचणी) सुरूच राहते. पिशवीचा बायॉप्सी रिपोर्टही जपून ठेवा.

पोटावरचे टाके दिसतात, योनीच्या वरच्या टोकाचे दिसत नाहीत. घोळ तिथेच होतो. दोन आठवड्यांत बरं वाटतं आणि बाई बादली उचलते. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो! सहा आठवडे भरलेला तांब्या चालेल, हंडा-कळशी नाही. कुंथल्यानेही तोच ताण येतो, म्हणून पाणी, पालेभाज्या, फळं हवीतच. शरीरसंबंध डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. थोडा तपकिरी स्राव चालतो. तासात पॅड भिजलं, ताप आला किंवा स्रावाला घाण वास आला तर लगेच दवाखाना गाठा.

परवानगी मिळाली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळा: पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. लघवी मध्येच थांबवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

दोन्ही अंडाशय वयाच्या 45 च्या आत काढले असतील तर घाम, झोपमोड हे त्रास अचानक सुरू होतात, पण खरा धोका हाडांना आणि हृदयाला. हार्मोनच्या गोळ्यांबद्दल स्वतःहून विचारा, अनेकदा कुणी विषय काढत नाही.