एफडीचं व्याज नेमकं कसं मोजतात? आईचे ४ लाख बँकेत ठेवू की दामदुप्पटमध्ये?

तुमच्या आईंचं वय ६३, जमिनीच्या मोबदल्याचे ४ लाख ठेवायचे आहेत. बँक ७ टक्के म्हणते, तरी वर्षाच्या हिशोबात लाखाला ७,१८६ व्याज कसं आलं, आणि पतसंस्थेच्या ‘सहा वर्षांत दामदुप्पट’मध्ये पैसे का टाकू नयेत, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यातला, हे दोन्ही प्रश्न आमच्या घरात येऊन गेलेत.

आपल्याकडे व्याज महिन्याच्या शेकड्यावर बोलतात. ‘दोन रुपये शेकडा’ म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचा दर मात्र वर्षाचा असतो. ७ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा जेमतेम ५८ पैसे. घरातल्या मोठ्या माणसांना हे आधी सांगा, नाहीतर सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आता ते वरचे १८६. बँका साधारणपणे दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवतात. लाखाला पहिल्या तिमाहीत १,७५०. दुसऱ्या तिमाहीचं व्याज १,०१,७५० वर, म्हणजे १,७८१. मग १,८१२, मग १,८४३. झाले ७,१८६. असंच पाच वर्षं राहू दिलं तर लाखाचे साधारण १,४१,४७८ होतात. आईंना घरखर्चाला व्याज हवं असेल तर दर तिमाहीला सरळ १,७५० खात्यात येतील, पण मग व्याजावर व्याज नाही.

दामदुप्पटचा हिशोब लोक चुकतात. ‘सहा वर्षांत शंभराचे दोनशे, म्हणजे साडेसोळा टक्के’ असं वाटतं. चक्रवाढीने मोजलं तर तो दर पावणेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. आणि बँकेतले ७ टक्के तसेच राहू दिले तर तिथेही दहा वर्षांत दामदुप्पट होते. ठेवीदाराला पावणेबारा द्यायचे तर त्या संस्थेला त्याहून बऱ्याच चढ्या दराने कर्ज वाटावं लागतं, आणि तेवढं महाग कर्ज कोण घेतं आणि कोण फेडतं, याचा विचार करा. माझ्या आत्याने अशाच एका पतसंस्थेत ३ लाख ठेवले होते. दोन वर्षं व्याज वेळेवर मिळालं, मग एके दिवशी शटर बंद. पावती अजून तिच्या पेटीत आहे.

बँकेतल्या ठेवीला, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका माणसामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी हीच मर्यादा १ लाख होती. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही यात येतात, पतसंस्था येत नाहीत. पावतीवर ‘क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ असेल तर हा विमा नाही, मग ती मल्टिस्टेट असो की गावातली. आईंचे ४ लाख व्याजासकट पाचाच्या आत बसतात का, तेवढं मुदत ठरवताना बघा. ७ टक्क्यांनी तीन वर्षांत ते ४ लाख ९२ हजारांच्या आसपास जातात.

एकच मोठी एफडी करू नका, लाखाच्या चार करा. मृगात खत-बियाण्याला पैसे लागले आणि ठेव मोडली, तर ठरलेला दर मिळत नाही. जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा, पैसे ठेवले त्या दिवशीचा दर धरतात आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. चार असतील तर एकच मोडेल. गरज दोन-तीन महिन्यांचीच असेल तर मोडण्याऐवजी एफडीवर कर्ज काढा. ते ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्क्यांनीच महाग पडतं.

टीडीएसची, म्हणजे बँक व्याजातून आधीच कापून घेते त्या कराची, काळजी नको. ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं तरच तो कापतात. पॅन मात्र जोडलेलं असू द्या. साठीच्या पुढच्यांना बहुतेक बँका अर्धा टक्का जास्त देतात, म्हणून ठेव आईंच्याच नावाने करा. बँकेत त्यांनाही सोबत न्या, आणि नॉमिनीचं नाव पावतीवर छापून आलंय का ते तिथेच वाचून घ्या.