बॅटरी बसते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

प्रश्न : पुण्यातल्या भावाच्या कारची बॅटरी पाच वर्षं चालली, माझी परभणीत अडीच वर्षांत गेली. डुप्लिकेट माल मिळाला का?

असेलच असं नाही. परभणीचं ऊन त्याला पुरेसं आहे. पारा ४३-४४ वर गेला की बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उष्णतेनं आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. ही झीज उन्हाळ्यातच होऊन जाते. पुढं डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी ऑइल घट्ट असतं, बॅटरीची ताकदही गारठ्यानं उतरलेली असते. मग सेल्फ नुसता ‘कट कट’ करतो आणि आपण थंडीला दोष देतो.

नवी घेण्याआधी मात्र मीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा भाग) किंवा वायरिंगचा. नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर आधी ती काढा. खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, पण हे सांगून दुकानदाराची बॅटरी कशी खपणार?

प्रश्न : बोअरचं पाणी गाळून, उकळून भरलं तर चालेल का? (बीड)

नाही. उकळून क्षार जात नाहीत, गाळूनही नाहीत. डिस्टिल्ड वॉटरच भरा, तेही खुणेपर्यंतच. अॅसिड वरून कधीच घालू नका.

प्रश्न : वेळा अमावास्येला शेतात दिवसभर गाणी लावली, अंधार पडल्यावर हेडलाइटही. निघताना सेल्फ लागेना. ट्रॅक्टरवरून चालू केली तर चालतं का? (औसा)

चालतं, ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असेल तर. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी लावाल तर गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळेल. ट्रॅक्टर बंद ठेवा. लाल केबल आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला. काळी ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडाली तर बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. काढताना उलट क्रम. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून नऊ अँपिअर खातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यांच्यापुढं तीन तासांतच सेल्फला नकार देऊ शकते. घरी आल्यावर चार्जरनं पूर्ण भरा, गावात पाच मिनिटांची चक्कर मारून ती भरत नाही.

प्रश्न : ३५ च्या जागी ६० अँपिअरची बसवू का? (जालना)

कशाला? ट्रेमध्ये बसणार नाही, आणि टर्मिनलची बाजू उलटी निघाली तर केबल पुरणार नाही. कंपनीनं दिलेल्या मापाचीच घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका. तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे इंजिन सारखं बंद-चालू होणं सोसणाऱ्या प्रकारची बॅटरी लागते. घेताना उत्पादनाची तारीख बघा, वर्षभर दुकानात पडलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि गाडीचा नंबर तिथंच घालून घ्या. जुनी दुकानदारालाच द्या. तिच्यातल्या शिशाचे पैसे नव्या बिलातून वळते होतात. अॅसिड नालीत ओतून खोकं भंगारात घालणाऱ्याला ती देऊ नका, दोनशे रुपये जास्त देत असला तरी.