गिअरबॉक्स खरंच बदलला का?

प्रश्न : माझ्याकडे २००६ची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर आहे, पाच गिअरची ऑटोमॅटिक. दीड वर्षापूर्वी बावधनच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून हौसेनं घेतली. यंदा चांदणी चौकाच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्येच अडकायला लागली. बाणेरच्या एका गॅरेजनं ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून रीकंडिशन केलेला दुसरा बसवला आणि ३ लाख ४० हजार घेतले. १ लाख ९० हजार बँकेतून दिले, बाकी रोख. बिल दिलं नाही, व्हॉट्सॲपवर ‘सहा महिने गॅरंटी’ एवढं लिहिलं. अडीच महिन्यांत पुन्हा तोच त्रास. आता मालक म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीला गॅरंटी नसते, परत खोलायचे ९५ हजार होतील. नेणार असाल तर तपासणीचे १८ हजार आणि रोजचे ३०० रुपये पार्किंग भरा. त्याच्यावर ४२० लावता येईल का? विकणाऱ्यावर किंवा कंपनीवर केस करू का? गाडी मी कधीमधी प्री-वेडिंग शूटला पैसे घेऊन देतो. त्यानं अडचण येईल का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : केसचं नंतर पाहू. आजच गॅरेजच्या मालकाला मेसेज करा : ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय गिअरबॉक्स उघडू नये, काढू नये, संगणकातले फॉल्ट कोड पुसू नयेत.’ सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एसजीएस इंडियाच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. गिअरबॉक्स एकदा त्यांच्या टेबलावर सुटा झाला की आत काय होतं हे फक्त तेच सांगणार.

तुमचं पत्र वाचताना मला पहिली शंका आली ती ही, की गिअरबॉक्स मुळात बदलला का? आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे कोणी तपासत नाही. पण गिअरबॉक्सच्या केसिंगवर नंबर कोरलेला असतो आणि मर्सिडीजच्या डेटा कार्डावर कारखान्यात बसवलेल्या गिअरबॉक्सचा नंबर नोंदलेला असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन ती नोंद लेखी मागा. मग गाडी लिफ्टवर घेऊन केसिंगवरच्या नंबराचा फोटो काढा. दोन्ही नंबर एकच निघाले, तर तुम्ही ज्याचे पैसे मोजले ती वस्तू गाडीत आलीच नाही आणि तुमच्या केसचा रंगच बदलला. आधीच्या मालकानं गिअरबॉक्स बदललेला असू शकतो, म्हणून त्यांनाही एक फोन करून ठेवा. नंबर वेगळे असतील तर काढलेला जुना गिअरबॉक्स परत मागा. ‘भंगारात दिला’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

दुसरी शंका जास्त साधी आहे. मी मेकॅनिक नाही, पण या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी दुसऱ्या गिअरला अडकण्याचं एक सर्वज्ञात कारण म्हणजे आतली कंडक्टर प्लेट (विजेच्या जोडण्यांची पट्टी) आणि तिच्यावरचे स्पीड सेन्सर. वायरिंगच्या गोल प्लगच्या सीलमधून ऑइल झिरपतं आणि तारेतून चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं, हेही होतं. पूर्ण गिअरबॉक्सच्या मानानं हे काम किरकोळ. बदलूनही तंतोतंत तीच तक्रार आली असेल तर पहिलं निदानच चुकलं होतं का, हा प्रश्न तुमच्या केसचा गाभा आहे. त्याचं उत्तर परवानाधारक सर्व्हेयरनं किंवा ऑटोमॅटिकच्या जाणकारानं सही-शिक्क्यानिशी द्यायला हवं, सोबत तारखेसह स्कॅन रिपोर्ट हवा. पुढे ग्राहक आयोगात गेलात तर त्याच्याकडूनही तपासणी मागता येते, मात्र तिची फी आधी तुम्हालाच भरावी लागते.

आता गाडी सोडवण्याबद्दल. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्यानं वस्तूवर मेहनत केली त्याला मेहनतान्यासाठी ती अडवून ठेवता येते. कायद्यातलंच उदाहरण जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं आहे. पण हा हक्क केलेल्या कामापुरता. न केलेल्या ९५ हजारांच्या कामासाठी किंवा आधी न ठरलेल्या पार्किंगसाठी गाडी धरून ठेवता येत नाही. राहिले १८ हजार. तत्त्वाचा प्रश्न म्हणून भांडायचं असेल तर भांडा, पण मी तुमच्या जागी ते बँकेतून भरले असते आणि सोबत लिहिलं असतं, ‘हक्क राखून, निषेधासह’. ते पुढे तक्रारीत परत मागता येतात. गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे चारही चाकं उचलून सपाट ट्रकवरूनच हलवा. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढलीत तर ऑटोमॅटिकला नुकसान होतं आणि समोरचा वकील सगळं खापर टोइंगवर फोडेल. नेण्याआधी ओडोमीटरसह व्हिडिओ काढा.

त्यानंतर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सेवेसाठी मोजलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतं. मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं. नोटिसा आणि स्मरणपत्रं पाठवून ती वाढत नाही. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे मालकानं तुम्हाला एक मुद्दा आयताच दिला आहे. दीड लाख रोख दिल्याचं दाखवायला त्या दिवसांच्या बँकेतून काढलेल्या रकमा आणि पैसे मिळाल्याचा एखादा मेसेज शोधा. गॅरंटीचा मेसेज ज्या फोनवर आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडायचं. मागणी रास्त ठेवा : ३ लाख ४० हजार, टोइंग, तपासणी, व्याज, थोडा मनस्ताप. पंचवीस लाखांचा मनस्ताप लिहून आणणारे अशील मला दर महिन्याला भेटतात, त्यानं फक्त समोरच्याचा आवाज चढतो.

प्री-वेडिंग शूटचा मुद्दा समोरून नक्की येईल : ‘हे ग्राहकच नाहीत, गाडी धंद्याची आहे.’ लीलावती ट्रस्टच्या २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मुख्य हेतू पाहायला सांगितलं आहे, आणि तुमची गाडी मुख्यतः हौसेची आहे. त्यामुळे केस टिकावी. पण शपथपत्रात ‘कधीच दिली नाही’ असं लिहू नका. गाडीच्या फोटोंसह तुमची जाहिरात इन्स्टाग्रामवर असेल तर ती त्यांनी कधीच पाहिली आहे. शिवाय पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं देणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, तेव्हा हे थांबवाच.

विकणाऱ्यावर केस करू नका. दीड वर्ष गाडी चालवल्यावर दोष त्यांनी मुद्दाम लपवला हे सिद्ध करायला हाताशी काहीच नाही. कंपनीचा कारखाना चाकणला आहे म्हणून तिलाही ओढू नका. इतक्या वर्षांच्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे आणि दुरुस्ती दुसऱ्यानं केली आहे.

पोलिसांचं म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ४२० नव्हे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं आणि त्यात फसवायचा हेतू पहिल्यापासून होता हे दाखवावं लागतं. खराब दुरुस्तीला ठाण्यात ‘दिवाणी आहे, कोर्टात जा’ असंच सांगतील आणि ते बरोबर असेल. केसिंगवरचा नंबर डेटा कार्डाशी जुळला, तर मात्र दोन्ही कागद घेऊन जा. त्या दिवशी मला आधी फोन करा, फिर्याद आपण लिहूनच नेऊ.