आवाज नाही म्हणून धाकही नाही

प्रश्न : मुलाने पुण्याहून बॅटरीवर चालणारा चेनसॉ आणून दिला आहे, १४ इंची. वादळात आमच्या रायवळ आंब्याची फांदी मोडून लोंबते आहे. यजमान (वय ६४) म्हणतात, ‘पेट्रोल नाही, धूर नाही, खेळणं आहे हे.’ शिडीवर चढून एका हाताने फांदी धरतात, दुसऱ्याने कापतात. मी खाली शिडी धरते. काही चुकतंय का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : ताई, चुकतंय. आधी यजमानांना खाली उतरवा, मग शिडी सोडा.

‘खेळणं’ हा शब्दच मला खटकला. पेट्रोलचा चेनसॉ दोरी ओढल्यावर गुरगुरतो, माणसं आपणहून लांब होतात. बॅटरीवाला गप्प पडून असतो आणि खटका दाबला की सुसाट. दोन वर्षांपूर्वी मी तो मांडीवर घेऊन साखळीत अडकलेले सुंभाचे धागे उपसत होतो, बॅटरी आतच. पुतण्या ‘द्या काका, मी धरतो’ म्हणाला आणि त्याने मागची मूठ पकडली. ती घट्ट पकडली की अंगठा लॉकवर आणि बोट खटक्यावर आपसूक जातं. साखळी वीतभरच सरकली असेल. हातमोजा फाटला, तर्जनीला तीन टाके. आता साखळी ताणायची असो की नुसता भुसा झटकायचा असो, बॅटरी आधी बाहेर.

पण यजमानांच्या बाबतीत मला जास्त भीती यंत्र उसळून बसणाऱ्या झटक्याची वाटते. साखळी जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या वरच्या कडेने ती आपल्यापासून दूर धावते आणि टोकाला वळून खालून परत येते. त्या वळणावर, टोकाच्या वरच्या पाव भागाला नुसती डहाळी लागली तरी दात रुततो. लाकूड हलत नाही, मग पट्टीच उसळते, वर आणि मागे, थेट कपाळाकडे. सावरायला वेळच मिळत नाही. मुठीपुढची ढाल मनगटाच्या धक्क्याने पुढे गेली की ब्रेक लागतो, पण त्यासाठी डावा हात पुढच्या मुठीवर हवा, अंगठा खालून वळवलेला. यजमानांचा डावा हात तर फांदीवर! म्हणून दोन्ही हात मुठींवर, पाय जमिनीवर, खांद्याच्या वर कापणं नाही. ती वरची फांदी दोर बांधून उतरवणाऱ्या माणसाकडून काढून घ्या. मजुरी जाईल, जाऊ दे.

खाली आल्यावर मात्र यजमानांनी हौस भागवावी. कापण्याआधी फांदी कशावर टेकली आहे ते बघायचं. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर मधला भाग वरून दाबलेला असतो. वरून कापत गेलात की चीर मिटते आणि पट्टी चिमटते. तिथे वरून तिसरा हिस्सा, बाकी खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून. खालून कापताना यंत्र आपल्याच अंगावर रेटतं, तेव्हा पाय रोवून उभं राहायचं.

चष्मा आणि बूट हवेत, लुंगी-पंचा नको. पायांना संरक्षक पँट मिळते, तिचे तंतू साखळीत गुंतून ती थांबवतात. पण बॅटरीच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून असतो, तेव्हा तिच्यावरही विसंबू नका. साखळीचं तेल वेगळं भरावं लागतं, बॅटरी आहे म्हणून तेल नको असं नाही. पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरून चालवा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. कापताना कीस पडायला हवा. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली. मग माणूस जोर लावतो आणि तोल जातो.

तुम्ही लांब उभ्या राहा, पण त्यांच्या नजरेसमोर. काम झालं की बॅटरी काढून, गार झाल्यावर चार्ज करून कपाटात ठेवा. किल्ली कोणाकडे, ते तुम्ही ठरवा.