बाबांचा जुना स्टिरिओ सहा-सात वर्षं बंद आहे. थेट प्लग लावून चालू करू का?

तुम्ही लिहिलंय की लालबागच्या चाळीत, १२ बाय १५च्या खोलीत, बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि दोन लाकडी स्पीकर सहा-सात वर्षं चादरीखाली पडून होते. आता रेकॉर्ड ऐकायच्यात. थेट प्लग लावला तर चालेल का, आणि जागा नसल्यामुळे स्पीकर कपाटावर ठेवले तर चालतील का, असं विचारलंत.

थेट प्लग नका लावू. आधी भिंतीतलं अर्थिंग (पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी तार) बघा, मग अ‍ॅम्प्लिफायर.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले आणि पुढे बरीच वर्षं एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम केलं, म्हणून हे कळकळीनं सांगते. आमच्या घरी दादानं पहिला अ‍ॅम्प्लिफायर आणला तेव्हा त्याच्या पत्र्यावरून बोट फिरवलं की झिणझिण्या यायच्या. घरात सगळे म्हणायचे, थोडा करंट मारतो, चप्पल घालून हात लाव. शेवटी मेन बंद करून बोर्ड उघडला, तर तीन पिनच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. सॉकेट तीन पिनचं, वायरिंग दोन तारांचं. जुन्या चाळींमध्ये हे सर्रास सापडतं. वरून बघून कळत नाही, म्हणून वायरमनला बोलावून अर्थ खरोखर जोडलाय का ते तपासून घ्या. घराला आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर त्याच खेपेत ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा बसवून घ्या. दोन हजारांच्या महागड्या स्पीकर वायरपेक्षा हा खर्च कितीतरी मोलाचा आहे.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. कुणी परदेशातून आणलेला किंवा चोर बाजारातून घेतलेला सेट असेल तर तो जपानचा १०० व्होल्टचा किंवा अमेरिकेचा १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० वर तो काही क्षणांत जळेल. व्होल्टेज बरोबर असलं तरी इतकी वर्षं बंद राहिलेल्या सेटमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असू शकतात. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या जवळपास जुने सेट दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याच्याकडे न्या आणि सिरीज बोर्डवर लावून बघायला सांगा. या बोर्डात सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत फिलामेंटचा पिवळा बल्ब असतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बहुधा ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. यासाठी एलईडी बल्ब चालत नाही. झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. आणि फ्यूज उडाला तर त्याच अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घाला, तार गुंडाळू नका.

आता जोडणी. सगळं प्लग काढून. स्पीकरच्या वायरचं टोक सोलल्यावर तांब्याचे सगळे केस नीट पिळून घ्या आणि एकही बाहेर राहिला नाही ना ते उजेडात धरून बघा. माझा एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर गणपतीत आरतीच्या गडबडीत घाईनं जोडला आणि गेला. लाल टर्मिनलमधून सुटलेला केसाएवढा एक तंतू काळ्याला टेकला होता. आवाज वाढवल्याबरोबर करपल्याचा वास आला, आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले. तेव्हापासून मी प्रत्येक टोक बोटावर घासून बघते.

लाल लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरना सारखंच. खुणा पुसल्या असतील तर स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून सुटा करा आणि पेन्सिल सेलची दोन टोकं त्याच्या टर्मिनलना क्षणभर टेकवा. वुफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाचा) कागद बाहेर आला तर सेलचं अधिक जिथे लागलं ते लाल. जोडून झाल्यावर एखादी जुनी मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारी) रेकॉर्ड लावा. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो पसरट, कुठून येतोय कळेनासा वाटला आणि खर्ज गायब झाला, तर एका बाजूच्या तारा उलट लागल्यात. नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डवर हे फार स्पष्ट कळतं.

स्पीकरच्या मागे किती ओहम (स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप) लिहिलंय ते बघा. अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमचा असेल तर ८चेच लावा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले की भार ४ ओहमवर येतो आणि सेट तापू लागतो.

टर्नटेबलची पिन फोनो लिहिलेल्या जागीच लावा. सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल बहुधा जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला तो वाढवणारं, या जागेमागेच असलेलं वेगळं प्रीअ‍ॅम्प लागतं. मोबाइल किंवा सीडी प्लेअर मात्र तिथे कधीच लावू नका, आवाज फाटेल. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली अडकवायला विसरू नका, नाहीतर घूं घूं ऐकू येत राहील.

ती घूं घूं तरीही राहिली आणि टीव्हीसुद्धा सेटला जोडलेला असेल, तर आधी केबलवाल्याची वायर टीव्हीतून काढून बघा. पुष्कळदा दोष तिथेच असतो. काही लोक अशा वेळी प्लगची वरची पिन कापा म्हणून सांगतात. कृपा करून ते करू नका. गुणगुण जाईल, पण पत्र्यात करंट उतरला तर त्याला जायला तुमच्या हाताशिवाय वाट उरणार नाही.

कपाटावर स्पीकर नको. आवाज डोक्यावरून जातो आणि कपाटाची दारं खडखडतात. तुमच्या खोलीत दोघांत पाच-सहा फूट अंतर ठेवा, भिंतीपासून फूटभर पुढे, कोपरा टाळून, आणि ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा गोल भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. समोर कॉट असेल तर तुमचं डोकं आणि दोन स्पीकर मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. एवढ्या लहान खोलीतही तानपुरा समोर मांडल्यासारखा ऐकू येतो. टर्नटेबल मात्र स्पीकरच्या फळीवर नको. चाळीतली जमीन लाकडी फळ्यांची असेल तर कुणी चाललं तरी सुई उडते, म्हणून भिंतीत वेगळी फळी ठोकून घ्या.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वर चार बोटं मोकळी जागा ठेवा. वर पेपर, रुमाल, फुलदाणी काही नको. आधी टर्नटेबल चालू करा, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, व्हॉल्यूम शून्यावर. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर पहिला. आवाज फाटायला लागला की लगेच कमी करा, कारण ट्वीटर बहुतेक वेळा अशाच फाटक्या आवाजानं जळतात. कानांनाही मर्यादा आहे. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास धरतात, ८८ ला चारच. रात्री १० ते सकाळी ६ आवाज भिंतीपलीकडे जाऊ देऊ नका. शेजारी आजारी माणूस असेल तर दिवसाही.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सेट चालवा, आतला दमटपणा जातो. व्हॉल्यूमची घुंडी फिरवताना खरखरली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, शिलाई मशीनचं तेल नको. वुफरच्या कडेचा फोम बोटानं दाबून भुगा पडतो का बघा. पडला तर नवी कड चिकटवून मिळते, स्पीकर फेकू नका. विजा कडकडायला लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढा.

वायरमन अर्थिंगबद्दल काय म्हणतो ते इथे लिहा, आणि सेटच्या मागच्या पट्टीचा फोटो टाका. ओहम आणि व्होल्टेज बघून पुढचं सांगते.