सर्पगरुड आधी कानांनी शोध

अरे, पहाटे पाचला आकाशाकडे बघत बसू नकोस. सर्पगरुड घिरट्या घालतो तो ऊन तापल्यावर, साधारण नऊ-दहानंतर, आणि तेव्हा तो ओरडतो. दोन-तीन सुरांची ती लांब शीळ दरीभर ऐकू येते. आवाज आला की मान वर कर. रुंद पंखांच्या मागच्या कडेला काळ्या पट्ट्यांमध्ये ठळक पांढरा पट्टा दिसला आणि शेपटीतही तसाच एक, की ओळख पक्की.

सकाळी मात्र तो झाडावरच सापडेल. नागझिरा असो की फणसाड, कुठल्याही अभयारण्यात ओढ्याकाठची, पाणवठ्याजवळची झाडं नीट न्याहाळ. तिथे तो तासन्‌तास हलत नाही, खाली जमिनीवर नजर ठेवून असतो. साप, सरडे, बेडूक, कधी खेकडेसुद्धा. पिवळे, पिसं नसलेले, खवल्यांचे पाय बघ. नवखे इथेच फसतात, कारण मोरघारही तुरेवालीच, पण तिचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. सर्पगरुडाचा तुरा तर एरवी डोक्याला चिकटलेलाच असतो, तो चिडला की पंख्यासारखा फुलतो.

आणि एक कळकळीचं सांगतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरटं दिसलं तर लांबूनच परत फिर. मादी बहुधा एकच अंडं घालते. फोटोसाठी तू खाली रेंगाळलास आणि ती उठून गेली, तर त्या जोडीचा अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो. घरट्याची जागाही कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा नाही.