पावसाळ्यात वॉटरकलर बंद पडतो, मग वर्षभर हात चालू ठेवायचा कसा?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही चिपळूणला असता, नोकरी सांभाळून वॉटरकलर करता, पण जून ते सप्टेंबर सगळं ठप्प होतं आणि दिवाळीत ब्रश घेतला की हात परका वाटतो. वाचून अगदी माझंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. मी साताऱ्याची, आर्ट स्कूल वगैरे काही नाही, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या तेवढंच, पुढे कॉमर्स केलं आणि आता बरीच वर्षं एका पतसंस्थेत काउंटरला आहे. घरी सासूबाई, मिस्टर, आठवीतला मुलगा. म्हणजे टाइम सगळ्यांना मिळतो तेवढाच मिळतो, रात्री जेवणं आवरल्यावर तास-दीड तास आणि रविवारची सकाळ.

आधी उत्तर सांगून टाकते, मग सविस्तर लिहिते. बारा महिने वॉटरकलरच करायचा हा हट्ट मी सोडला. प्रत्येक सामानाची आपली एक हवा असते, कागदाची वेगळी, मातीची वेगळी, रांगोळीची वेगळी. हवा बदलली की मी सामान बदलते, हात तोच राहतो.

हे मला कळलं ते नुकसान होऊनच. २०१९ चा पावसाळा आठवत असेल, सांगली-कोल्हापूरला पूर आला ते वर्ष, आमच्याकडेही पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी पैसे साठवून ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन पेपर आणलेला, १४ शीट, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये एक काढला, पांढराशुभ्र, कुठे डाग नाही वास नाही. अजिंक्यताऱ्यामागचं आकाश करायला घेतलं, साधा निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, आणि ब्रश पुढे जाईल तसे मागे गडद ठिपके उठायला लागले, टीपकागदावर शाई पडावी तसे, एक इथे एक तिथे, आणि मग सगळीकडे. मला वाटलं रंगच खराब. दुसरी ट्यूब, दुसरा ब्रश, पाणी बदललं, तेच.

नंतर वाचून कळलं की कागदाला सायझिंग असतं, जिलेटिनचं किंवा तसलंच काहीतरी, ज्याच्यामुळे रंग लगेच आत न शिरता वर थोडा वेळ थांबतो आणि आपल्याला खेळवता येतो. ओल लागली, बुरशी बसली की ते सायझिंग ठिकठिकाणी मरतं आणि तिथे कागद रंग पिऊन टाकतो. कोरड्या कागदाकडे बघून यातलं काही दिसत नाही, ओला केला की मगच सगळं वर येतं. मला त्या दिवशी खरंच रडू आलं होतं, पैशाचं होतंच, पण तीन महिने ज्याची वाट बघितली ते आकाश होतं.

म्हणून आता कागद मी मे महिन्यातच पॅक करते, कडक दुपारी, घरात सगळ्यात कोरडी हवा असते तेव्हा. जूनमध्ये पॅक केला तर दमट हवाच आत कोंडली जाते, हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. झिप लागणाऱ्या मोठ्या पिशव्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि सगळं पत्र्याच्या ट्रंकेत आडवं, भिंतीला टेकवून नाही. सिलिका नारिंगी दाण्यांची घ्या, ओल शोषली की हिरवी होते, मग एका जुन्या कढईत मंद आचेवर तापवली की परत नारिंगी. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही मात्र. आणि पॅलेट कधीही ओला असताना बंद करू नका, रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा. मध असलेले रंग पावसाळ्यात वाळतच नाहीत आणि चार दिवसांत त्यांच्यावर पांढरी लव धरते.

आता जून ते सप्टेंबर करायचं काय. जून-जुलै मी बॉलपेन. साधं ऑफिसमधलं निळं बॉलपेन आणि पाठकोरे कागद. दमट हवेत बॉलपेनला काही होत नाही, आणि पाऊस तसाही रेघांचाच असतो ना. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, जुलैमध्ये तो दिवसातून दहा वेळा ढगात जातो आणि बाहेर येतो. हलक्या हाताने दहा रेघा म्हणजे लांबचा डोंगर, दाबून वीस म्हणजे जवळचा, हा हिशोब एकदा बोटात बसला की ऑक्टोबरमध्ये वॉशचा हलका-गडद आपोआप जमतो.

आणि मग शाडू. पावसाळ्यातलं माझं खरं प्रेम हे. आषाढात शाडू आणते (आपल्याकडे येते ती बहुतेक गुजरातमधली) आणि घरचा आठ इंचाचा गणपती मी स्वतः करते, साच्याशिवाय. गंमत म्हणजे जी ओल कागदाला मारते तीच शाडूला सांभाळते. शाडूला भेगा जातात कारण बाहेरचा थर आधी वाळून आक्रसतो आणि आतला अजून ओला असतो. उन्हाळ्यात केलं तर कानांना आणि सोंडेच्या वळणाला दुसऱ्याच दिवशी भेगा, पावसाळ्यात तेच आठ-दहा दिवस सावकाश वाळतं, आतबाहेर बरोबरीने. पंख्याखाली ठेवायचा नाही, ऊन आलं तरी उन्हात ठेवायचा नाही, रात्री ओलं फडकं पिळून वरून झाकायचं. जरा घट्ट झाला की पाठीमागून कोरून पोकळ करायचा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते.

सोंड मी सगळ्यात शेवटी बसवते. दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे, मधे शाडूचीच पातळ लापशी, आणि मग अंगठ्याने खालून वर दाबत न्यायचं, खालून वर, म्हणजे हवा अडकत नाही. त्या वेळी अंगठ्याला जे कळतं ना, की आता धरलं, ते सांगता येत नाही. डोळे मात्र मी करत नाही, सासूबाई करतात. वय झालंय, हात थोडा थरथरतो, पण दोराएवढ्या बारीक ब्रशने एका दमात भुवई काढतात आणि घरात तेवढा वेळ कुणी बोलत नाही.

सप्टेंबर म्हणजे कासचं फुलांचं पठार. आमच्यापासून २५ किलोमीटरच्या आसपास, यवतेश्वरच्या घाटाने वर. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाट आला त्यात कासही आहे, तेव्हापासून गर्दी वाढली, आता बुकिंग करून जावं लागतं आणि ते बरंच आहे. मी तिथे रंगवत नाही. धुकं, भुरभुर पाऊस, कागद हातातच मऊ पडतो. पेन्सिल, पाच-सहा रंगीत पेन्सिली आणि छोटी वही, बस. फुलाशेजारी खाली बसायचं (पायवाटेवरच, फुलांत पाय टाकायचा नाही) आणि एकच फूल नीट बघायचं. सीतेची आसवं लांबून नुसता निळा-जांभळा धूर दिसतो, जवळून एकेक फूल नखाएवढंसुद्धा नसतं. तेरड्याचा गुलाबी वेगळा, सोनकीचा पिवळा वेगळा. मी रंगाचं नाव नाही लिहीत, मिश्रण लिहून ठेवते, "अल्ट्रामरीन जास्त, क्रिमसन टोकाला" (निळा जास्त, गडद लाल ब्रशच्या टोकापुरता), म्हणजे घरी येऊन महिन्याने रंगवलं तरी चालतं.

इथे एक सांगायलाच पाहिजे, तेरड्याचं माझं एक चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं, दोन वर्षांत गुलाबी पार उडाला, हिरवी पानं तेवढी राहिली. स्वस्त सेटमधले काही गुलाबी-जांभळे उजेडात टिकत नाहीत. आता नवीन ट्यूब आणली की एका पट्टीवर तो रंग लावते, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकते आणि दक्षिणेच्या खिडकीत दोन-तीन महिने चिकटवून ठेवते. नंतर कागद काढला की खरं-खोटं समोर. कुणाला चित्र भेट देणार असाल तर हे नक्की करा.

नवरात्र संपलं की आकाशकंदील, रांगोळी आणि मुलाचा किल्ला, चित्र परत मागे पडतं असं वाटतं, पण पडत नाही. रांगोळी मला सासूबाईंनी लग्नानंतर शिकवली. पावसाळ्यात रांगोळी दमट होऊन गोळे धरते, चिमटीतून सुटतच नाही, दिवाळीत मात्र झरझर पडते. अंगठा आणि तर्जनी, मधल्या बोटाचा जरासा आधार, आणि रेघ मनगटाने नाही, सगळ्या हाताने ओढायची. ब्रशने एका झटक्यात लांब फांदी काढता येते ती मला या रांगोळीमुळेच यायला लागली. किल्ल्याचं काम मुलाचं, माती, गोणपाट, अळीव पेरणं सगळं तो करतो, मी फक्त दगडांच्या सावल्या गेरूत थोडा कोळसा घालून रंगवून देते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा वॉटरकलरचा हंगाम. जमेल त्या रविवारी पहाटे मेणवलीला जातो, वाईच्या पुढे, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. सकाळी पाण्यावर धुकं असतं, ऊन तिरपं येतं आणि पायऱ्यांवर लांब सावल्या पडतात, साडेनऊनंतर ते सगळं जातं. घाटाच्या काळ्या दगडाला मी काळा रंग लावत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), सावलीत निळा जास्त, उन्हात सिएना जास्त. बसाल्ट असाच असतो, बघत राहिलं तर त्यात निळा पण दिसतो आणि विटकरी पण. ओल्या पायऱ्यांसाठी कागद तसाच कोरा सोडते. थंडीत वॉश सावकाश वाळतो, घाई नाही, चुकलं तर उचलता येतं. चार महिन्यांत माझी पंधरा-वीस चित्रं होतात, त्यातली तीन-चार मनासारखी.

मार्चमध्ये काही नाही. पतसंस्थेत ३१ मार्च म्हणजे रात्री नऊ-नऊ वाजतात, घरी येऊन डोळे मिटतात. पण मग लगेच चैत्र, आणि सासूबाईंचं चैत्रांगण. गेरूने सारवलेल्या तुकड्यावर रोज सकाळी पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गोपद्मं, तुळस, हत्ती. आता वाकणं जमत नाही म्हणून त्या खुर्चीत बसून सांगतात आणि मी काढते. अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज. एवढीशी पाच-सहा रेघांची गाय, पण मान कुठे वळवायची ते त्यांना बरोबर माहिती असतं, "अगं मान खाली, चरतीये ती" म्हणतात.

एप्रिल-मे मध्ये रंग ब्रशवरच वाळतो, आकाशाच्या वॉशमध्ये पट्टे येतात. त्यावर उपाय असा की कागद दोन्ही बाजूंनी भरपूर ओला करून अ‍ॅक्रिलिक शीटवर चिकटवायचा, बराच वेळ ओला राहतो, आणि सकाळी सहाला बसायचं. तशीही गच्चीवर नऊनंतर कुरडया-पापड असतात. या दिवसांत एकदा तरी औंधला जाते, भवानी संग्रहालयात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं, रवी वर्मांची चित्रं तिथे आहेत. संस्थानाचा कारभार सांभाळून एक माणूस चित्रं काढत होता हे मला फार मोठं वाटतं. बाहेर रखरखीत ऊन आणि आत एका चित्रासमोर अर्धा तास उभं राहायचं, फक्त साडीचा काठ कसा रंगवलाय ते बघायला.

तुमच्याकडे चिपळूणला पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तुमचा पेन आणि शाडूचा काळ लांबच असणार. ऑक्टोबर लागलाय तर आधी घरातला जुना कागद तपासा. कोपऱ्यात एक ब्रशभर पातळ निळा लावून दोन मिनिटं थांबा. ठिपके उठले तर टाकू नका, पोस्टर कलर, बॉलपेन, रंगीत पेन्सिल त्यावर व्यवस्थित चालतात. माझ्या त्या १४ मधल्या नऊ शीटांवर मी पोस्टर कलरमध्ये घाटाची चित्रं केली, आणि उरलेल्या पाचांच्या पट्ट्या कापून, खिडक्या कोरून, आतून पतंगाचा कागद लावून त्या वर्षीचा आकाशकंदील केला. तो सांगाडा अजून टिकलाय, दरवर्षी फक्त पतंगाचा कागद बदलतो.